ठोंब्या बेपत्ता

"माझ्या नवऱ्याला मंडळातून काढून टाकतायत," खुर्चीत बसायच्या आधीच बाई म्हणाल्या. "रविवारी सकाळी सभा आहे. काहीही करा, पण त्यांना तिथेच राहू द्या."

वहिनींनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

वहिनी म्हणजे गावातल्या एकमेव खासगी गुप्तहेर. पूर्वी त्या एका विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायच्या. आग लागण्याआधी दुकानातला माल आपल्या पायांनी बाहेर कसा जातो, या विषयावर त्यांचा व्यासंग दांडगा होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी दारावर पाटी लावली : 'खासगी तपास. हरवलेल्या मांजरांसाठी भेटू नये.' सगळं गाव त्यांना वहिनीच म्हणायचं, कारण त्यांचे धाकटे दीर त्यांना वहिनी म्हणायचे आणि दिरांचा आवाज मोठा होता.

हे दीर, म्हणजे भाऊजी, तपासात मदत करायचे. निदान तशी त्यांची समजूत होती आणि वहिनींनी ती कधी तपासायला घेतली नव्हती.

"कसलं मंडळ?" भाऊजींनी विचारलं.

"अंतराळ मित्र मंडळ. हे चिटणीस आहेत त्याचे. कधी न झालेल्या लढाया कुणी जिंकल्या असत्या, यावर तिथे भांडतात. वयं झालीयत सगळ्यांची, पण भांडतात अगदी मन लावून."

"आणि काढलं मंडळातून, तर काय बिघडलं?"

चिटणीसबाईंनी भाऊजींकडे असं पाहिलं, की भाऊजींनी खुर्ची थोडी मागे घेतली.

"तर रोज संध्याकाळी ते घरी राहतील! अहो, मध्यंतरी ह्यांचा मोतीबिंदू काढला. तेव्हापासून ह्यांना घरातलं सगळं दिसायला लागलंय. जळमटं दिसतात. कपाच्या कानाखालचा डाग दिसतो. परवा म्हणाले, 'ही भिंत पांढरी होती ना गं?' भिंत कित्येक वर्षं पिवळी आहे, वहिनी, आणि आम्ही सुखात होतो."

"आरोप काय आहे?" वहिनींनी विचारलं.

"चोरीचा. मंडळाचा एक यंत्रमानव होता, ठोंब्या म्हणतात त्याला. शनिवारी तो कपाटातून गेला, आणि किल्ली ह्यांच्या खिशात होती."

"त्यांनी घेतला नसेल कशावरून?" भाऊजी डोळे बारीक करून म्हणाले.

"घेतला असता तर घरीच लपवला असता ना? मी ठेवलेली वस्तू ह्यांना सापडत नाही, हे मान्य. पण ह्यांनी ठेवलेली मला सापडणार नाही, असं आमच्या लग्नात अजून झालेलं नाही."

"हा पुरावा न्यायालयात टिकेल," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पर्स उचलली.

मंडळाची खोली एका लाँड्रीच्या वर होती. लाँड्रीवाला दारात उभा राहून आभाळाकडे बघत होता. शनिवारपासून ढग हटले नव्हते, आणि आत दोऱ्यांवर लोकांच्या चादरी ओल्याच लोंबत होत्या.

"वर चोरी झाली म्हणे," तो म्हणाला. "इथे ऊन चोरीला गेलंय, त्याचं कुणाला काही नाही."

जिन्यात चिटणीस वाट बघत होते. किडकिडीत गृहस्थ. नवीन डोळ्यांनी त्यांनी आधी वहिनींना नमस्कार केला आणि मग भाऊजींच्या सदऱ्यावरचा चहाचा डाग पाहिला.

खोली लांबट होती. छताला ग्रह टांगले होते. त्यांपैकी एक निखळून पंख्याच्या पात्यावर विसावला होता. एका भिंतीवर पांढरा गुळगुळीत बोर्ड होता आणि त्यावर शनिवारचा वाद निळ्या-लाल शाईत अजून तसाच होता : 'घार : वेग. ऐरण : चिलखत.' खिडकीसमोर एक लाकडी कपाट. काच चकाकते म्हणून दाराला काचेऐवजी उभे गज बसवलेले. आत कुणी नव्हतं.

"इथे असायचा," चिटणीस म्हणाले.

मग त्यांनी सगळं समजावलं. ठोंब्या हा 'सातवा चंद्र' या जुन्या मालिकेतला यंत्रमानव. मालिकेत दर भागात तो एकदा चुकीचं दार उघडतो आणि त्यामुळेच सगळे वाचतात. त्याच्या हातभर उंचीच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती एका कारखान्यानं मोजक्याच काढल्या, आणि मग कारखाना बुडाला. मंडळाच्या ठोंब्याचे दोन्ही हात शाबूत होते. अशा गोष्टीला या मंडळींत काय मान असतो, ते बाहेरच्याला सांगून कळत नाही.

"मंडळात नावं बरीच आहेत," चिटणीस म्हणाले, "पण वाद संपेपर्यंत टिकणारे आम्ही चौघंच. अध्यक्ष दंतवैद्य, कमांडर, कॅप्टन आणि मी. वर्षातून एकदा मोठा वाद. 'सातवा चंद्र'मधली घार आणि 'राखेचे ग्रह'मधली ऐरण, या दोन युद्धनौका. समोरासमोर आल्या तर कोण जिंकेल? कॅप्टन ऐरणीच्या बाजूचा. मी आणि कमांडर घारीचे. दंतवैद्य निकाल देतात. जिंकलेला ठोंब्याला दोन्ही हातांनी डोक्यावर धरतो आणि आपला झेंडा त्याच्या मुठीत खोचतो. वर्षभर तो झेंडा राहतो."

"आणि शनिवारी?"

"वाद रंगात आला होता. मग लढाईची चित्रफीत दाखवायला दिवे घालवले. दिवे लागले तेव्हा कपाट उघडं, ठोंब्या नाही. कुलूप कडीत नुसतं लटकत होतं. दाराला आतून कडी, बाहेर कुणी गेलेलं नाही. मग आम्ही एकमेकांच्या झडत्या घेतल्या. दंतवैद्यांची बॅग, कमांडरची पर्स, माझी पिशवी. कॅप्टनकडे तर नुसता नकाशांचा चपटा गठ्ठा. कुठेच नाही!"

"आणि किल्ली?"

"एकच आहे. माझ्या खिशात होती." चिटणिसांनी मान खाली घातली. "ठोंब्याला पुसायची पाळी असते, दर महिन्याला एकाची. ज्याची पाळी, त्याच्याकडे किल्ली जाते. गेल्या महिन्यात कमांडर होत्या, त्यांनी किल्ली दोनदा मागून घ्यायला लावली. या महिन्यात कॅप्टन. त्यानं वादाच्या आदल्या दिवशी न मागता परत आणून दिली. तो फार व्यवस्थित आहे. शनिवारी खुर्च्याही त्यानंच मांडल्या. बोर्ड नीट दिसावा म्हणून मला कपाटाकडे पाठ करून बसवलं."

"तुमचे चांगले मित्र दिसतात."

"मित्र?" चिटणीस दचकले. "तो ऐरणवाला आहे." मग जरा थांबून म्हणाले, "ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा इथे आलो ना, तेव्हा ठोंब्याला बघून मला रडूच आलं. मला तो पांढराच दिसायचा हो. मी कॅप्टनला म्हटलं, अरे, हा इतका पिवळा कधी झाला? त्या दिवशी तो माझ्याशी भांडलासुद्धा नाही."

भिंतीवर दर वर्षीच्या वादाआधी काढलेले फोटो ओळीनं लावले होते. मधोमध कपाट, आजूबाजूला मंडळी, दर फोटोत केस थोडे कमी. फ्लॅशची चांदणी दर वर्षी ठोंब्याच्या कपाळावर गजांआडून लखलखत होती. यंदाचा फोटो चिटणिसांच्या फोनमध्ये होता. वहिनींनी तो बराच वेळ पाहिला. कॅप्टन कपाटाला खेटून उभा होता आणि त्याच्या गुळगुळीत टकलावर पांढराशुभ्र गोळा उमटला होता. शेजारी गजांमागे ठोंब्या, पिवळा आणि शांत.

"काय टक्कल आहे!" भाऊजी म्हणाले. "याला घेतलं तर खोलीत दिवा नको."

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "आज तुम्ही पहिल्याच ठिकाणी कामाला आलात."

भाऊजी खूश झाले. कशाबद्दल, ते त्यांना कळलं नाही. पण ती त्यांची नेहमीची अवस्था होती.

दंतवैद्यांच्या दवाखान्यात रोगी बसायच्या बाकासमोर यंत्रमानवांच्या पेट्या छतापर्यंत रचल्या होत्या. सगळ्या सीलबंद.

"मी पेटी कधीही उघडत नाही," दंतवैद्य अभिमानानं म्हणाले. "उघडली की संपलं."

"मग आत यंत्रमानव आहे हे कशावरून?" भाऊजींनी विचारलं.

"तुम्ही संग्राहक नाही," दंतवैद्य म्हणाले, आणि तो विषय तिथे संपला.

"ठोंब्याला तर पेटी नाही," वहिनी म्हणाल्या.

"नाही. म्हणूनच तो जसा आहे तसा जपायचा. लोक मला सांगतात, डॉक्टर, तो पिवळा पडलाय, उजळून घेऊ. मी ठराव करून घेतलाय : जो ठोंब्याच्या रंगाला हात लावेल, तो मंडळाबाहेर. पिवळेपणा हा त्याचा इतिहास आहे!"

"दातांचं काय?"

"दातांना इतिहास नसावा. त्यावर माझं घर चालतं."

"चिटणिसांनी चोरी केली असं तुम्हाला खरंच वाटतं?"

दंतवैद्यांनी हातातला आरसा पुसला. "वाटत नाही हो. पण कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ली एकच. मी अध्यक्ष आहे. उद्या लोक म्हणतील, नियम फक्त नव्या सभासदांना."

एवढ्यात भाऊजी उठले. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला होता. "डॉक्टर! तुम्ही दातांचे साचे घेता. तसाच किल्लीचा साचा घेता येतो! ज्या महिन्यात तुमची पाळी होती, तेव्हा—"

"आ करा," दंतवैद्य म्हणाले.

सवयीनं भाऊजींनी आ केला.

"डाव्या बाजूची खालची दाढ किडलीय. कधी येताय?"

पुढची चौकशी वहिनींनी एकट्यांनीच पार पाडली, आणि तीही थोडक्यात.

कमांडर पार्लर चालवायच्या. त्यांनी समोरच्या गिऱ्हाइकाचं डोकं एका हातानं वाकवून ठेवलं होतं आणि दुसऱ्या हातातली कात्री बोलताना हवेत फिरवत होत्या.

"मी जिंकले होते, वहिनी! दंतवैद्य मान हलवत होते, कॅप्टन घामाघूम झाला होता. पाच मिनिटांत निकाल लागला असता आणि मी ठोंब्याला डोक्यावर घेतलं असतं. पण नाही! यंदा म्हणे चित्रफीत आधी. दर वर्षी ती निकालानंतर दाखवतो, जल्लोष म्हणून. यंदा कॅप्टननं ऐन वेळी हट्ट धरला : पुरावा आधी, निकाल नंतर. मी म्हटलं, दाखव, बुडत्याला काडीचा आधार."

"किल्लीला तुम्ही उशीर केलात म्हणे."

"विसरले. मला काय, मी ठोंब्याची भक्त नाही. मी त्याला चिडवायचे, दिवसाला किती सिगारेटी ओढतोस रे म्हणून. चिटणिसांना लागायचं ते." कात्री क्षणभर थांबली. "आता नाही म्हणणार."

"कॅप्टन कसा माणूस आहे?"

"तो? डोक्यावर औषधालाही केस नाही आणि माझं पक्कं गिऱ्हाईक! केस उजळायच्या क्रीमचे डबेच्या डबे नेतोय. बायकोसाठी म्हणे. मी म्हटलं, अहो, बेतानं लावा, नाहीतर तिला बघून जहाजं दिशा ठरवतील."

वाकलेलं डोकं आतून हसलं.

"ताई, हलू नका," कमांडर म्हणाल्या. "मग मला दोष देऊ नका."

कॅप्टनच्या घराचं दार त्याच्या बायकोनं उघडलं. केसांचा काळाभोर अंबाडा, हातात झारा. "गच्चीवर आहेत," ती म्हणाली. "ढगांशी भांडतायत. बोलावते."

कॅप्टन जन्मात होडीतसुद्धा बसला नव्हता. नोकरीभर त्यानं पुलांचे आणि इमारतींचे नकाशे काढले होते; कॅप्टन हे नाव त्याला ऐरणीमुळे पडलं होतं. त्याच्या बैठकीच्या खोलीत युद्धनौकांचं आरमारच तरंगत होतं. कोपऱ्यात एक काळी कुळकुळीत तोफ उभी होती, खिळे, गंजाचे ओघळ, सगळ्यासकट.

"वा! लोखंडी?" असं म्हणत भाऊजींनी वाकून, दम धरून, दोन्ही हातांनी तोफ उचलली. ती इतक्या झपकन वर आली की तिचं तोंड त्यांच्या नाकावर आदळलं.

"कार्डशीट आहे," कॅप्टन गच्चीवरून उतरत म्हणाला. "सगळी कागदाचीच आहेत. रंग नीट दिला की लोक फसतात." मग त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. "उद्या ऊन पडेल का हो?"

"लाँड्रीवालाही तेच विचारत होता," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या बोटांना काय झालं?"

कॅप्टनच्या बोटांची टोकं पांढरीफटक होती. त्यानं हात मागे घेतले.

"खडू. परवा वादात लिहून लिहून."

"जात नाही लवकर," भाऊजी नाक चोळत सहानुभूतीनं म्हणाले. "आमच्या मास्तरांचं असंच होतं."

"चिटणिसांना काढून टाकतायत," वहिनी म्हणाल्या.

कॅप्टनचा चेहरा पडला. "छे! मी नाही होऊ देणार. तो कसला चोर? घारवाला आहे, बुद्धी कमी आहे, पण चोर नाही."

"मग चोर कोण?"

"चोर कुणीच नाही," कॅप्टन पटकन म्हणाला, आणि मग त्याला चहाची आठवण झाली.

परत जाताना भाऊजींनी निष्कर्ष सांगितला. "वहिनी, हे उघड आहे. दंतवैद्यांनी किल्ली केली. कमांडरनी ठोंब्या खिडकीतून खाली टाकला. लाँड्रीवाल्यानं तो ओल्या चादरीत झेलला. तिघं सामील आहेत."

"आणि कॅप्टन?"

"तो बिचारा साधा माणूस. कागदाची जहाजं करतो."

"भाऊजी, तुम्ही बोलत राहा," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही ज्याला सोडता, त्याला मी धरते. अजून कधी चुकलेलं नाही."

रविवारी सकाळी दंतवैद्यांनी टेबलावर पेला वाजवून सभा सुरू केली. चिटणीस स्वतःच्या हकालपट्टीच्या सभेचं इतिवृत्त लिहायला वही घेऊन बसले होते, कारण ते काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. चिटणीसबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते.

"ठराव मांडण्याआधी," वहिनी म्हणाल्या, "मला एक साधा प्रश्न विचारायचाय. ज्याच्या हाती किल्ली येते, त्यानं ठोंब्या शनिवारीच का चोरावा? एरवी खोली रिकामी असते. तेव्हा न नेता, चौघं बसलेली असताना, दाराला कडी असताना, अंधारात चाचपडत कोण नेईल?"

"मूर्ख माणूस," भाऊजी म्हणाले.

"किंवा ज्याला त्या क्षणी नेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शनिवारी अशी काय गोष्ट होणार होती, जी एरवी वर्षभर होत नाही?"

कमांडर सावकाश म्हणाल्या, "ठोंब्याला मी उचलणार होते."

"बरोबर. गजांआडून ठोंब्याला कुणीही बघावं, काही बिघडत नाही. पण हातात घेतला की कळलं असतं." वहिनींनी फोन पुढे केला. "यंदाचा फोटो बघा. फ्लॅश पडला होता, कारण कॅप्टनचं टक्कल चमकतंय. दर वर्षी ठोंब्याचं कपाळही चमकतं. यंदा तो टकलाला खेटून उभा आहे आणि त्याच्यावर ठिपकाही नाही. प्लॅस्टिक चमकतं. न चमकणारी गोष्ट कोणती? रंगवलेला कागद. शनिवारी कपाटात ठोंब्या नव्हताच. कार्डशीटचा तोतया होता."

भाऊजींचा हात आपोआप नाकाकडे गेला.

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. कॅप्टन बोर्डावरची शाई वाचत होता.

"पुसायची पाळी तुमची होती," वहिनी त्याला म्हणाल्या. "किल्ली तुमच्याकडे होती तेव्हाच खरा ठोंब्या तुमच्या घरी गेला. तोतया ठेवलात, आणि कुलूप न लावता कडीत नुसतं अडकवून किल्ली परत दिलीत. म्हणून शनिवारी किल्ली लागलीच नाही. ज्यांची नजर आता घारीसारखी झालीय, त्या चिटणिसांना कपाटाकडे पाठ करून बसवलंत. वाद तुम्ही जिंकला असतात तर तोतया स्वतःच उचलला असतात, कुणाला पत्ताही लागला नसता. पण तुमची बाजू पडत होती."

"ऐका!" कमांडर ओरडल्या. "चिटणीस, लिहून घ्या! ऐरणीची बाजू पडत होती!"

चिटणिसांनी लिहून घेतलं.

"मग तुम्ही चित्रफीत आधी लावायला लावलीत. अंधारात तोतया काढलात, घडी घातलीत आणि नकाशांच्या गठ्ठ्यात सरकवलात. सगळे हातभर उंचीचा यंत्रमानव शोधत होते. कागदात कागद कोण शोधतो?"

"पण का?" दंतवैद्य उभे राहिले. "विकायला?"

"केस उजळायचं क्रीम कशाला लागतं डॉक्टर, ज्याला केस नाहीत आणि ज्याच्या बायकोचे काळेभोर आहेत त्याला? पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिकला ते लावतात आणि उन्हात ठेवतात. त्यानं बोटंही पांढरी होतात. कॅप्टन म्हणाले, खडू. पण तुमच्या बोर्डावर तर शाईनं लिहितात. आणि जो माणूस गच्चीवर उभा राहून ढगांशी भांडतो, त्याच्याकडे एकतर चादरी वाळत असतात, नाहीतर ठोंब्या. आत या हो, बाई."

दारातून कॅप्टनची बायको आली. तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "सकाळी वहिनींचा फोन आला," ती नवऱ्याला म्हणाली. "मी आणणारच होते. माझ्या गच्चीवर पापड घालायला जागा राहिली नाही."

तिनं टॉवेल सोडला.

ठोंब्याचं कपाळ दुधासारखं पांढरं होतं. छातीवर पिवळे ढग होते. एक पाय पांढरा, एक पाय पिवळा, आणि पोटावर असा काही नकाशा उमटला होता की त्यात दोन खंड आणि एक सामुद्रधुनी स्पष्ट दिसत होती.



"क्रीम मध्येच वाळलं," कॅप्टन पुटपुटला. "मग डाग काढायला पुन्हा लावलं. मग शनिवार आला. मग ऊन गेलं."

चिटणीस उठले. ठोंब्याजवळ गेले, वाकले, आणि त्या नव्या डोळ्यांनी एकेक डाग बघत राहिले.

"हे तू माझ्यासाठी केलंस?"

"तू म्हणालास ना, तुला तो पांढरा दिसायचा." कॅप्टननं नाक ओढलं. "तुला तसा दाखवायचा होता एकदा."

"आणि मला काढून टाकत होते तेव्हा गप्प बसलास?"

"गप्प कुठे? आज सगळं सांगणार होतो. 'ऐनवेळचे विषय' मध्ये."

"हकालपट्टी त्याच्या आधीच्या विषयात आहे!" दंतवैद्य गरजले.

"ते माझ्या काल लक्षात आलं," कॅप्टन म्हणाला. "रात्रभर झोप नाही मला."

दंतवैद्यांनी कागद हातात घेतला. "ठोंब्याच्या रंगाला हात लावणारा मंडळाबाहेर. नियम म्हणजे नियम. ठराव तयारच आहे, फक्त नाव बदलायचं. चिटणीस, लिहा."

चिटणिसांनी पेनाला टोपण घातलं.

"मी लिहिणार नाही."

"का?"

"ह्याला काढल्यावर मी भांडू कुणाशी? तुम्ही निकाल देता, कमांडर माझ्याच बाजूच्या. ऐरणीसारख्या भंगार नौकेची बाजू घ्यायला एवढा हुशार माणूस पुन्हा मिळायचा नाही. ह्याला काढायचं तर आधी मला काढा."

भिंतीशी उभ्या असलेल्या चिटणीसबाईंनी डोळे मिटून घेतले.

दंतवैद्य उत्तर देणार होते, पण त्यांची नजर ठोंब्याच्या पोटावर पडली आणि तिथेच अडकली. त्यांनी खिशातून छोटा आरसा काढला. ठोंब्याची हनुवटी वर केली. कडा तपासल्या.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" ते चिडून म्हणाले. "थर सारखा नाही. कडा कोरड्या. माझ्याकडे यायला काय झालं होतं? मी हेच काम रोज करतो! माझ्याकडे दिवा आहे, त्याला ऊन लागत नाही."

"पण डॉक्टर, इतिहास—" कमांडर म्हणाल्या.

"हा इतिहास नाही, हा हलगर्जीपणा आहे! मी याला असा सोडू शकत नाही. उद्या सकाळी दवाखान्यात आणा. उपाशी पोटी." मग त्यांना आपण काय बोललो ते समजलं, आणि त्यांनी ठरावाचा कागद चार घड्या करून खिशात कोंबला.

भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. दंतवैद्य म्हणाले, "तुम्हीही या. ती दाढ."

मग सगळे एकदम बोलायला लागले. ठोंब्या पुन्हा पांढरा झाला तर त्याला या खिडकीसमोर ठेवून चालणार नाही, यावर आश्चर्यकारक एकमत झालं. उन्हानंच तर घात केला होता. दंतवैद्यांचा दवाखाना सगळा काचेचा. कमांडरच्या पार्लरमध्ये आरसेच आरसे. कॅप्टनवर तर कुणी ठोंब्याच्या बाबतीत विश्वास ठेवायला तयार नव्हतं, स्वतः कॅप्टनसुद्धा.

"आमच्या मधल्या खोलीत ऊन येत नाही," चिटणीस म्हणाले. "बारा महिने अंधार. भिंतसुद्धा पिवळी दिसते."

"सुरेख!" दंतवैद्य म्हणाले. "ठोंब्या तिथे. आणि जिथे ठोंब्या, तिथे मंडळ. घटनेतच आहे ते. रोज संध्याकाळी आपण तिकडेच जमू."

"खुर्च्या मी आणतो," कॅप्टन म्हणाला. त्याचा चेहरा पहिल्यांदाच उजळला होता. "बोर्डसुद्धा. आणि एक सांगतो, शनिवारचा वाद अजून मिटलेला नाही."

"मिटलाय! लिहून घेतलंय!" कमांडर म्हणाल्या.

ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला.

वहिनी आणि भाऊजी जिना उतरत होते, तेव्हा मागून चिटणीसबाई धावत आल्या. त्यांनी वहिनींना कठड्याशी गाठलं, वर एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"वहिनी, तुम्ही चोऱ्या शोधून देता, ते झालं. पण चोरी करून देता का हो?"